ड्रॅगनची जात कोणती?

ड्रॅगन खरोखर असता तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात त्याला कुठे बसवला असता? सरपटणाऱ्यांत, पक्ष्यांत, की सस्तन प्राण्यांत? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय निघाला (आणि ड्रॅगनवाली सिरीयल सुरू असली की तो निघतोच) की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "त्यात काय, सरपटणारा. खवले दिसत नाहीत का?" दुसरं, "जाऊ दे ना यार. जो प्राणी नाहीच, त्याची जात काढून काय करायचंय?"

मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं आळशी. त्यातलं दुसरं मला जास्त खटकतं, कारण जात चुकीची लावली की काय होतं ते आमच्या चारोटीच्या बाजूला रानात राहणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या प्राण्याच्या अंगावर शेकलंय. त्या प्राण्याकडे येतोच. पण आधी ड्रॅगनचा निकाल लावू.

पहिल्या उत्तरातली गडबड सोपी आहे. खवले आहेत म्हणून सरपटणारा, असं ठरवायचं तर मासा कुठे टाकाल? कोंबडीच्या पायावरही खवले असतात, फुलपाखराच्या पंखावरही असतात. आणि आपल्या कोकणात अंगभर खवल्यांचं चिलखत घालून हिंडणारा एक प्राणी आहे, खवले मांजर. दिसायला महाराष्ट्रातला सगळ्यात ड्रॅगनसारखा प्राणी बहुधा हाच. पण तो पिल्लाला दूध पाजतो. तो सस्तन आहे. मांजर तर तो नाहीच, पण गंमत अशी की आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे मांजर-कुत्रा-अस्वल हा मांसाहारी गण. म्हणजे ज्याने कोणी "खवले मांजर" हे नाव ठेवलं, तो खवले बघून "सरडा" म्हणणाऱ्यापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ होता.

सांगायचा मुद्दा, वर्गीकरण म्हणजे दिसण्याची यादी नाही. ती वंशावळ आहे. कोण कोणासारखा दिसतो हा प्रश्न नाही, कोण कोणापासून आला हा प्रश्न आहे. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे चटकन कळेल. पंख हा इंटरफेस आहे. वंश म्हणजे इनहेरिटन्स. वटवाघूळ, कावळा आणि डायनोसॉरांच्या काळातले टेरोसॉर, तिघेही "उडणे" हा इंटरफेस इम्प्लिमेंट करतात, पण कोड तिघांनी स्वतंत्र लिहिलाय. वटवाघळाने हाताची चार बोटं लांबवली आणि त्यांच्यात कातडं ताणलं. टेरोसॉरने सगळा भार एकाच बोटावर टाकला, चौथ्या. पक्ष्याने बोटं जोडून आखूड केली आणि हातावर पिसं लावली. तिघांना "पंखवाले" म्हणून एका फोल्डरमध्ये टाकलं तर तो फोल्डर काही कामाचा नाही. त्यावरून तुम्हाला त्यांच्या हृदयाबद्दल, अंड्याबद्दल, दातांबद्दल काहीही सांगता येणार नाही. उलट सुसर आणि चिमणी एका फांदीवरच्या आहेत असं कळलं (हो, सुसर ही पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे) की दोघींच्या हृदयाला चार कप्पे का, याचा उलगडा होतो.

आता हा नियम लावून ड्रॅगन तपासू. पाठीचा कणा आहे? चित्रावरून तरी दिसतो. बरं. मग हातपाय मोजा.

कणा असलेले आणि जमिनीवर आलेले सगळे प्राणी, म्हणजे बेडूक, पाल, कासव, चिमणी, गाय, तुम्ही आणि मी, चार अवयवांच्या साच्यातून आलोत. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वी काही मासे उथळ पाण्यात परांवर अंग पेलायला लागले. त्या टप्प्याचा साक्षीदार म्हणजे कॅनडाच्या उत्तरेला सापडलेला टिकटालिक, ज्याचं वर्णन २००६ साली प्रसिद्ध झालं. त्या पूर्वजांना परांच्या दोन जोड्या होत्या, म्हणून आपल्याला हातापायांच्या दोन जोड्या. नंतर पाय कमी करायची मुभा मिळाली. सापाने चारही टाकले, देवमाशाने मागचे दोन टाकले. पण वाढवायची मुभा कोणालाच मिळालेली नाही. ज्याला उडायचं होतं त्याला पुढचे दोन हात पंखांसाठी खर्ची घालावे लागले. फुकट काही मिळालं नाही.

आणि युरोपातल्या चित्रांमधला ड्रॅगन? चार पाय आणि वर दोन पंख. बेरीज सहा. कंपायलर इथेच एरर देतो. हा प्राणी सरपटणाऱ्यांत बसत नाही, पक्ष्यांत नाही, सस्तनात नाही, कणा असलेल्या चतुष्पादांच्या अख्ख्या झाडावर त्याला फांदी नाही. पाय वेगळे आणि पंख वेगळे असलेले प्राणी पृथ्वीवर आहेत, पण ते कीटक आहेत. सहा पाय, वर पंख. ज्याला इंग्रजीत ड्रॅगनफ्लाय म्हणतात तो आपला चतुर, त्याला चार पंख आणि सहा पाय असतात. म्हणजे हट्टच असेल तर ड्रॅगनला चतुराशेजारी नेऊन बसवा. पण मग आकाराचं काय? कीटकाची हवा अंगातल्या बारीक नळ्यांतून खेळते, त्याला मर्यादा आहेत. तीस कोटी वर्षांपूर्वीचा चतुरासारखा महाकाय मेगान्यूरा, त्याचे पंख पसरून सत्तर सेंटीमीटरच्या आसपास भरत. त्याच्यावर बसून कोणी राज्य जिंकू शकणार नाही. :-)

"गेम ऑफ थ्रोन्स"वाल्यांनी (२०११ ते २०१९) ही गोची ओळखली असावी. त्यांच्या ड्रॅगनला मागचे दोन पाय आणि पुढच्या हातांचे दोन पंख. बेरीज चार. हा निदान कंपाइल होतो! कुठे बसवायचा म्हणाल तर टेरोसॉरच्या आसपास, आणि आकारही अगदीच हास्यास्पद नाही, क्वेट्झलकोॲटलस नावाच्या टेरोसॉरचे पंख दहा मीटरच्या वर पसरत. आग ओकण्याचं मात्र कठीण आहे. जवळात जवळचं उदाहरण म्हणजे बॉम्बार्डियर भुंगा. तो पोटात दोन रसायनं वेगळी ठेवतो, वेळ आली की एकत्र करतो आणि जवळजवळ उकळत्या तापमानाचा फवारा शत्रूवर सोडतो. पुन्हा कीटकच.

चिनी ड्रॅगनचं काय? त्याला तर पंखही नाहीत. हरणाची शिंगं, सापाचं अंग, माशाचे खवले, शिकारी पक्ष्याचे पंजे. इथे मल्टिपल इनहेरिटन्स आहे, आणि प्राण्यांत तो या प्रमाणावर चालत नाही. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, कारण ते जवळचे भाऊबंद. हरीण आणि मासा यांचं काही होत नाही.

आपल्याकडे ड्रॅगन नाही, पण शरभ आहे. पुराणांतला आठ पायांचा शरभ, अर्धा सिंह अर्धा पक्षी, शंकराचं रूप. किल्ल्यांच्या दरवाजांवर जो शरभ कोरलेला असतो तो बहुतेक वेळा सिंहासारखा, कधी पंख असलेला, पंजात आणि शेपटीत हत्ती पकडलेला. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्याखाली उभं राहून फोटो काढलाय. आणि हल्ली त्या फोटोसोबत एक मजकूर फिरतो, की आपल्या पूर्वजांनी असा प्राणी पाहिल्याशिवाय कोरला असेल का, हा नक्कीच डायनोसॉर असणार, पाश्चात्यांना आत्ता कळलं वगैरे वगैरे.

या मजकुराचा मला मनापासून राग आहे. दोन कारणांनी.

पहिलं कारण हिशोबाचं. डायनोसॉर महाराष्ट्रात होते, त्यासाठी शरभाची साक्ष काढायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव इथे त्यांचे अवशेष सापडलेत. डोंगरगावच्या लांब मानेच्या डायनोसॉरला आज इसिसॉरस कोलबर्टी म्हणतात. पण पक्षी सोडले तर ते सगळे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. आमच्या चारोटीच्या भोवतालचे काळ्या दगडाचे डोंगर, अगदी महालक्ष्मीचा सुळका धरून, साधारण त्याच काळात उसळलेल्या लाव्हाचे. आपली माणसाची जात तीन लाख वर्षांची. डायनोसॉर पाहिलेला माणूस म्हणजे सव्वासहाशे कोटी... नाही हो, साडेसहा कोटींहून जास्त वर्षांचं अंतर उडी मारून आलेला माणूस. बरं, हाडं पाहून तरी कल्पना केली असेल? तसं एक उदाहरण युरोपात आहे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहरात ड्रॅगनचा मोठा पुतळा आहे आणि त्याचं डोकं एका सापडलेल्या कवटीवरून घडवलं असं सांगतात. ती कवटी निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची! म्हणजे हाड खरं, लेबल खोटं.

दुसरं कारण आपल्याच लोकांच्या अपमानाचं. शरभ कोरणाऱ्या पाथरवटाला नेमकं माहीत होतं की तो काय करतोय. सत्तेचं चिन्ह घडवायचं होतं, सिंहाहून आणि हत्तीहून थोर असं काहीतरी. त्याने सिंहाचं अंग घेतलं, पक्ष्याचे पंख घेतले, हत्तींना लहान केलं. ही कल्पनाशक्ती आहे. तिला "त्याने पाहिलं ते कोरलं" असं म्हणणं म्हणजे कलावंताला सीसीटीव्ही कॅमेरा ठरवणं. शरभाला प्राणिशास्त्रात जागा नाही यात शरभाचा काहीच कमीपणा नाही. त्याची जागा शिल्पशास्त्रात आहे आणि ती मोठी आहे.

असो. आता दुसऱ्या उत्तराकडे. "काय फरक पडतो?"

१७३५ साली कार्ल लिनियस, ज्याने पुढे जीवांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रुळवली, तरुण वयात हॅम्बुर्गला गेला होता. तिथे एक वस्तू फार गाजत होती. सात तोंडांचा हायड्रा, पेंढा भरलेला, शहराच्या बड्या अधिकाऱ्याच्या मालकीचा, विक्रीला काढलेला. राजेरजवाड्यांनी लावलेल्या बोलींच्या कथा लोक सांगत. लिनियसने तो नीट पाहिला. जबडे आणि पाय विझलचे (आपल्या मुंगसासारखा दिसणारा एक छोटा शिकारी), वरून सापाची कातडी चिकटवलेली. त्याने ते उघड बोलून दाखवलं. वस्तूची किंमत कोसळली आणि लिनियसला हॅम्बुर्गमधून घाईघाईने काढता पाय घ्यावा लागला.

त्याच वर्षी त्याच्या "सिस्टेमा नातुरे"ची पहिली आवृत्ती निघाली. त्यात त्याने "पॅराडॉक्सा" नावाचा एक रकाना ठेवला, ज्या प्राण्यांच्या नुसत्या कथाच आहेत त्यांच्यासाठी. त्यात हायड्रा होता, फिनिक्स होता आणि ड्रॅगनही होता. ड्रॅगनपुढे शेरा काय? तर हा एकतर पंखवाला सरडा असावा किंवा पाकट माशाला कापून-वाळवून बनवलेला राक्षस. म्हणजे ड्रॅगनचं वर्गीकरण करून झालंय मंडळी, तीनशे वर्षं होत आली. पुढच्या आवृत्त्यांत तो रकानाच गेला. मात्र १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत लिनियसने "ड्रॅको" हे नाव एका खऱ्या प्राण्याला देऊन टाकलं, बरगड्या पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या छोट्या सरड्याला. त्याचा एक भाऊबंद, ड्रॅको डुसुमिएरी, आपल्या पश्चिम घाटात आहे, गोव्यात आणि दक्षिण कोकणात दिसतो. वीतभर प्राणी, मुंग्या खातो. शास्त्राच्या दप्तरात ज्याचं नाव खरोखर "ड्रॅगन" आहे तो हा. आणि पाय? चारच. पंख बरगड्यांचे, म्हणून बेरीज बिघडली नाही.

हॅम्बुर्गची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिथे प्रश्न पैशाचा होता. खऱ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून खोटा प्राणी विकला जात होता आणि "याचे जबडे कोणाचे?" एवढा एकच प्रश्न विचारणाऱ्याने तो धंदा मोडला. वर्गीकरण म्हणजे हा प्रश्न. आता आपल्याकडे या.

जगात ज्याला सगळे ड्रॅगन म्हणतात तो इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन. शास्त्राला त्याची ओळख १९१२ साली झाली. तीन मीटर लांब, माणसाएवढा वजनदार, आणि त्याच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं २००९ साली दाखवलं गेलं. त्याचं नाव व्हॅरॅनस कोमोडोएन्सिस. आता आपल्या घोरपडीचं नाव वाचा, व्हॅरॅनस बेंगालेन्सिस. वंश तोच. चुलत-मावस नव्हे, एकाच आडनावाची माणसं. तीच दुभंगलेली जीभ, तीच हवेतला वास जिभेने उचलून टाळूला लावायची तऱ्हा, तेच जबरदस्त पंजे. ज्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढले अशी दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो, ज्या प्राण्यावरून घोरपडे हे आडनाव आलं असं मानतात, ती कोमोडो ड्रॅगनच्या घरातली आहे. हे इथल्या किती जणांना माहीत आहे?

कोमोडो बघायला लोक विमानाचं तिकीट काढून जातात. आमच्याकडे चारोटी नाक्यावरून पश्चिमेला डहाणू, पूर्वेला जव्हार, उत्तरेला तलासरी, कुठेही जा, भाताच्या बांधावर, वारुळाच्या कडेला, ओढ्याकाठी घोरपड असते. उंदीर, अंडी, किडे, मेलेलं काहीबाही खाऊन रान साफ ठेवते. शेतकऱ्याचं तिच्याशी वाकडं नसावं. तरी ती दिसली की ओरडा होतो. कोणी म्हणतं मगरीचं पिल्लू. कोणी म्हणतं विषारी, हिची नुसती फुंकर लागली तरी माणूस जातो. ही दुसरी अफवा फार जुनी आहे. उत्तरेत तिला बिसखापरा म्हणतात आणि १८८६ च्या "हॉब्सन-जॉब्सन" या अँग्लो-इंडियन कोशातसुद्धा या नावाची नोंद आहे. मोठी घोरपड चावली तर जखम खोल होते, डॉक्टरकडे जावंच लागतं, तिला हात लावायला जाऊ नये. पण फुंकरीने माणूस मरत नाही. कोणाला चावायला ती आपणहून येतही नाही, ती पळते. तरी "विषारी" या लेबलखाली ती काठीने मारली जाते. दिसण्यावरून जात ठरवली, जातीवरून शिक्षा दिली.

पण काठीपेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे आणि ती थेट आपल्यासारख्यांशी संबंधित आहे. हाथाजोडी. नाव ऐकलं असेल. धनलाभासाठी, कोर्टकचेरीत यशासाठी, प्रमोशनसाठी तिजोरीत किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं "दुर्मिळ झाडाचं मूळ". दोन जोडलेल्या हातांसारखं दिसतं, शेंदूर लावून डबीत मिळतं. २०१७ साली संशोधकांनी आणि वन्यजीव संस्थांनी याचा तपास केला आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवले. ते मूळ नव्हतं. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय होतं. सापासरड्यांच्या नरांत हा अवयव जोडीने असतो, वाळला की जोडलेल्या हातांसारखा दिसतो. काही नमुने तर चक्क प्लॅस्टिकचे, खऱ्यावरून साचा काढून बनवलेले निघाले! आणि हे विकलं कुठे जात होतं? जत्रेतल्या पथारीवरच नाही, ऑनलाइन दुकानांतही, कार्टमध्ये टाका, घरपोच मिळवा.

जरा विचार करा. हॅम्बुर्गमध्ये खऱ्या प्राण्यांच्या तुकड्यांचा खोटा ड्रॅगन करून विकला. इथे ड्रॅगनच्या खऱ्या भावंडाचा तुकडा झाडाचं मूळ म्हणून विकला. प्रजाती चुकली, कुळ चुकलं असं नाही, प्राणी की वनस्पती इथपासून चूक. आणि ही चूक भोळेपणाची नाही. "मूळ" म्हटलं की घेणाऱ्याला पाप वाटत नाही, शाकाहारी घरातही ते देव्हाऱ्यात बसतं, आणि पकडलं तर "साहेब, झाडपाला आहे" म्हणायला विकणारा मोकळा. चुकीचं वर्गीकरण हाच त्या धंद्याचा पाया आहे. मांडुळाचंही तसंच. बोथट शेपटीला दुसरं डोकं म्हणायचं, "दुतोंड्या" असं लेबल लावायचं आणि गुप्तधनाच्या नावाने एका निरुपद्रवी सापाची लाखांत बोली लावायची. आपल्या राज्यात मांडूळ तस्करीच्या अटकेच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. शेपटीला शेपटी म्हणणारा एक माणूस त्या सौद्यात असता तर?

यावर शहरातलं लाडकं उत्तर तयार असतं, "गावाकडचे, जंगलातले लोक मारतात हो, अडाणी आहेत." थांबा. घोरपड कोणी मारत नाही असं माझं म्हणणं नाही. मांसासाठी, सांधेदुखीच्या तथाकथित तेलासाठी मारतात. पण हाथाजोडी ऑनलाइन मागवणारा गिऱ्हाईक कोण आहे? त्याच्याकडे स्मार्टफोन आहे, डिलिव्हरीचा पत्ता आहे, आणि बऱ्याचदा डिग्रीही. आणि "अडाणी" म्हणाल तर आमच्याकडच्या वारल्यांचा वाघोबा बघा. वाघ आणि बिबट्या दोघेही वाघच, देव एकच. एकाला पट्टे, दुसऱ्याला ठिपके, आकारात दुपटीचा फरक, तरी एका नावाखाली. प्राणिशास्त्र काय म्हणतं? दोघांचाही वंश पँथेरा. रानात राहून जनावराच्या चालीवरून, सवयींवरून नाव देणारा माणूस आणि फोटोतल्या खवल्यांवरून जात ठरवणारा माणूस, यांत वर्गीकरण कोणाला जास्त कळलं ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप, "हे परंपरेचे विषय आहेत, शास्त्र मध्ये आणू नका." त्याला गोव्याने उत्तर दिलंय. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं. कायद्याने ते बंद झालं, वादकांनी बकऱ्याचं कातडं वापरायला सुरुवात केली, आणि २०१९ साली त्याच घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. घुमट वाजतोय, घोरपड जगतेय. परंपरा एवढी तकलादू नसते.

तिसरा आक्षेप, जो मला सगळ्यात गंभीर वाटतो, "नावं बदलून काय होणार, प्राणी वाचवायचे तर जंगल वाचवा." बरोबर आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, त्यावर तेव्हापासून आजपर्यंत भांडणं चालू आहेत आणि चालू राहायला हवीत. पण भांडताना कायद्याला नाव लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये "सरड्यासारखं काहीतरी" असं लिहिलेलं नाही. घोरपडीचं नाव लिहिलंय. म्हणूनच तिला मारणं, तिचा कुठलाही भाग विकणं किंवा बाळगणं याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी २५ हजारांचा दंड. डबीतली वस्तू मूळ आहे की व्हॅरॅनस, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. तिथे "काय फरक पडतो" म्हणून चालत नाही. तिथे कोणीतरी प्रयोगशाळेत बसून कंटाळवाण्या चिकाटीने जात ओळखतो, तेव्हा कुठे एक विकणारा आत जातो.

म्हणून ड्रॅगनचा प्रश्न मला फालतू वाटत नाही. तो सराव आहे. पाय मोजा, वंश विचारा, कुठला तुकडा कुठून आला ते पाहा. नसलेल्या प्राण्यावर हा सराव केलात तर असलेल्या प्राण्याबाबत कोणी गंडवू शकणार नाही. ड्रॅगन बघायला मलाही आवडतो, एचडीमध्ये, आवाज वाढवून. पण एपिसोड संपल्यावर घरातल्या कोणाच्या तिजोरीत शेंदूर लावलेली ती डबी असेल तर एकदा उघडून बघा. काकूंना, मामांना, बॉसना, ज्यांची असेल त्यांना सांगा की हे मूळ नाही आणि हे घरात ठेवणं गुन्हा आहे. कोणी विकताना दिसला तर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे. आणि सोसायटीत घोरपड शिरली तर "मगर, मगर" ओरडून काठ्या गोळा करू नका, तिला वाट द्या, ती जाते. नाहीच गेली तर पुन्हा तोच नंबर लावा आणि जातीचं नाव नीट सांगा.